देवाला पॉलिश

संचिताशी आपलं लग्न लवकर जमावं म्हणून दत्तप्रसादने देवाला पॉलिश केलं, आणि देवाने बोलणंच टाकलं.

तसा दत्तप्रसाद देवाच्या फार वाटेला जाणारा माणूस नव्हता. कसालला हायवेलगत त्याचं आणि रफीकचं ग्रॅनाइटचं दुकान. स्वयंपाकाचे ओटे, पायऱ्या, उंबरे, आणि कुणी गेलंच तर नावाची पाटी. वय छत्तीस. सहा मुली बघून झाल्या होत्या. पहिलीला मुंबईचा नवरा हवा होता, दुसरीला गोव्याचा, तिसरीला सरकारी. चौथीच्या आईने त्याच्या नखांतली पांढरी भुकटी निरखून "पिठाची गिरण आसा काय?" असं विचारलं होतं. उरलेल्या दोघींनी कारण सांगण्याचेही कष्ट घेतले नाहीत. कोकणात आंब्याला गिऱ्हाईक मिळतं, काजूला मिळतं, सड्यावरच्या उघड्या कातळालाही पुण्याची माणसं येऊन भाव देऊन जातात. गावात राहून कामधंदा करणाऱ्या मुलाला तेवढं कुणी विचारत नाही.

सातवी संचिता. ती त्याने बघितली नव्हती, भेटली होती. शिरोड्यातल्या औषधांच्या दुकानात ती कामाला होती आणि तिथला काउंटर बसवायला हा गेला होता. दोन तासांचं काम त्याने तीन दिवस पुरवलं. तिसऱ्या दिवशी गोळ्यांची पाकिटं मोजता मोजता ती म्हणाली, "ह्या काउंटराक अजून काय करूचा रवला असात तर एकदाच सांगा. नायतर चाय प्या आणि मुद्द्याचा बोला." दत्तप्रसाद चहा प्यायला आणि मुद्द्याचं बोलला. ती हसली. छत्तीस वर्षांत त्याच्या बाबतीत घडलेली ती एकमेव चांगली गोष्ट.

अडचण होती ती तिच्या वडिलांची. गुरुदास म्हणजे शिरोड्याच्या अलीकडच्या आंबेरवणे गावचा मानकरी. नकार द्यायचा नाही आणि होकारही द्यायचा नाही, ही त्याची आयुष्यभराची रीत. "माझी काय ना नाय," तो म्हणाला, "पण आमच्या घराण्यात देवाच्या कौलाबगर लगीन ठरणा नाय. देवळाचा काम सुरू आसा, ता झाला की कौल लावया. दिवाळीपर्यंत कौल इलो तर बरा. नायतर रेडीचो समर्थ म्हणान एक झिल आसा, बंदरार कारकून. तेंचो तीनदा फोन येवन गेलो."

आंबेरवण्यात सरपंच आहे, ग्रामसेवक आहे, तंटामुक्तीची समिती आहे, पण निर्णय घेतो तो रवळनाथ. त्याचा पाषाण म्हणजे कमरेएवढा काळा, ओबडधोबड दगड. गुरव फुलाच्या पाकळ्या पाण्यात बुडवून पाषाणाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला चिकटवतो, देवाला प्रश्न घालतो आणि सगळे बघत उभे राहतात. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी आधी पडली तर नाही. विहीर कुठे खणायची, म्हैस विकायची की ठेवायची, मुलाला दुबईला पाठवायचं की नाही, सगळं त्या दोन पाकळ्यांवर. कोर्टाचा निकाल न मानणारी माणसं पाकळीचा निकाल मुकाट्याने मानतात, आणि त्यात वकीलही लागत नाही.

भावी सासऱ्याच्या डोळ्यांत भरावं म्हणून दत्तप्रसादने देवळाची फरशी फुकट घालून दिली. तेवढ्यावर थांबला असता तर आज दोन मुलांचा बाप झाला असता. पण नव्या चकचकीत गाभाऱ्यात तो खरबरीत दगड त्याच्या धंदेवाईक डोळ्यांना खुपायला लागला.

"काकांनू," तो देवळाच्या समितीसमोर गुरुदासला म्हणाला, "देवाक पण वायच पॉलिश मारूया काय? आरशासारखो करून देतंय."

परशुराम गुरव दचकला. "रे बाबा, चाळीस वर्सा मी तेका हात लावतंय. तो आसा तसो बरो आसा."

"पण चार पावणे येतले, फोटो काढतले," समितीतला कुणीतरी म्हणाला. शेवटी देवालाच विचारायचं ठरलं. पाकळ्या लागल्या. दोन मिनिटांत उजवी पडली. स्वतःचं तोंड बंद करून घ्यायला देवाने अशी स्वतःच परवानगी दिली, आणि ते त्याचं शेवटचं बोलणं ठरलं.

संचिताचा फोन आला. "फरशी घातलंस ना? आता गप घराक जा. देवाक हात लाव नको."

तिला आपली काळजी आहे, एवढाच अर्थ दत्तप्रसादने त्यातून काढला. प्रेमात पडलेल्या माणसाला सल्ला देणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

देवाचं सत्त्व रीतसर कलशात काढून घेतलं. मग तीन दिवस दत्तप्रसादने पाषाण घासला. आधी जाड दाण्याचा घासणीचा दगड, मग मध्यम, मग बारीक, शेवटी पॉलिशची पावडर. चौथ्या दिवशी पाषाणात समया दिसू लागल्या, घंटा दिसू लागली, आणि परशुराम गुरवाला पूजा करताना समोर स्वतःचंच तोंड दिसू लागलं. "आता मी देवाची पूजा करतंय की माझी, ताच समाजना नाय," तो पुटपुटला. बाकी गाव खूश होतं.

पुन्हा प्रतिष्ठा झाली आणि पहिल्या कौलाचा मान गुरुदासला मिळाला. दत्तप्रसाद नवा शर्ट घालून खांबाशी उभा होता. गुरवाने पाकळ्या भिजवून दोन्ही अंगांना लावल्या आणि खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा! तुझ्या ह्या गुरुदासाचा चेडू कसालच्या दत्तप्रसादाक देऊचा की नाय, ह्या तू सांगूचा! देऊचा असात तर उजवी दी, नसात तर डावी दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणालं, आणि सगळ्यांच्या माना लांब झाल्या.

पाच मिनिटं गेली. पंधरा गेली. अर्धा तास गेला.

"डावी हलली!"

"हलली खंय? माशी बसली ती."

"देव इचार करता," एक जण म्हणाला.

"प्रश्नच तसो कठीण आसा," गुरुदास दत्तप्रसादच्या शर्टाकडे बघत म्हणाला.

दुपार झाली. माणसं पाळीपाळीने जेवून आली. पाकळ्यांच्या कडा सुकल्या, रंग उतरला, पण दोघी जागच्या हलल्या नाहीत. शेवटी परशुरामने त्या नखाने खरवडून काढल्या. दुसऱ्या दिवशी वेगळी फुलं आणली, तिसऱ्या दिवशी वेगळ्या विहिरीचं पाणी आणलं. पाणी कमी लावून बघितलं, तर हात काढताच दोन्ही पाकळ्या एकदम खाली. देव एकाच दमात हो आणि नाही म्हणाला, असा कौल आंबेरवण्याच्या इतिहासात नव्हता.

गावाचा गाडा जागच्या जागी थांबला. आनंदीबाईंना विहीर खणायची होती, खणणारे दारात येऊन बसले होते, पण जागा कुणी सांगायची? राधाबाईंच्या दोन मुलांमध्ये कुंपणावरून वाद होता. कौल मिळेना म्हणून दोघांनीही आपापलं कुंपण घातलं आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात राधाबाईंची शेळी अडकली. जो तो दत्तप्रसादकडे बघायचा. तोंडावर कुणी काही बोलत नव्हतं, कारण पॉलिशला देवानेच उजवी दिली होती. पण चहाच्या टपरीवर तो गेला की बोलणं थांबायचं.

दत्तप्रसादने कसालला येऊन रफीकसमोर डोकं धरलं. रफीकने मोबाइलवर पाषाणाचा फोटो बघितला आणि तो दत्तप्रसादकडे बघतच राहिला.

"अरे, तू धंदो काय करतंस? पॉलिशच्या दोन लाद्या ओल्या असताना एकावर एक ठेवल्या तर काय होता?"

"चिकटतत."

"कशा चिकटतत? चार माणसां लागतत सुटी करूक. म्हणान तर आपण मधी कागद घालतव. आणि खरबरीत लादी?"

"ती... उचलता."

"कित्या उचलता? कारण खरबरीत दगड नुसतो टोकांर टेकता, मधी हवा रवता. गुळगुळीताक पाकळी सगळ्या अंगान चिकटता. ह्या तुका माहीत असताना तू देवाक चिकटवलंस!"

हे दत्तप्रसादला खरोखरच माहीत होतं. पंधरा वर्षं तो लाद्यांच्या मध्ये कागद घालत होता. पण माणसाला धंद्यात कळतं ते आयुष्यात कळेलच असं नाही, नाहीतर सगळे भटजी सुखी संसारी झाले असते.

त्याने समितीसमोर जाऊन सगळं सरळ सांगितलं. पाषाण परत खरबरीत करायला हवा. हलक्या हाताने टाकी मारली, म्हणजे छिन्नीने बारीक टोचे पाडले, की झालं.

"देवाक टाकी?" सगळे एकदम म्हणाले.

"दुसरो उपाय नाय."

"पण देवाक टाकी मारूक देवाची परवानगी व्हयी. कौल लावक व्हयो."

"कौल लागना नाय म्हणान तर टाकी मारूची!"

"ता खरा. पण कौलाबगर टाकी कशी मारतलंस?"

ही चर्चा तीन बैठका चालली. तिन्ही वेळा ती जिथे सुरू झाली तिथेच संपली आणि मधे चहा झाला. दिवाळीला बारा दिवस उरले. रेडीहून चौथा फोन आला. संचिताने दत्तप्रसादला एवढंच सांगितलं, "बाबा आता समर्थाचो पगार तोंडपाठ म्हणतत."

शेवटी परशुराम गुरवाने नाइलाजाने तोडगा काढला. पलीकडच्या चिंचवण्याच्या देवीला विचारायचं. आता चिंचवणे आणि आंबेरवणे यांचं पालखीच्या वाटेवरून चार पिढ्यांचं वैर. त्यांच्या देवीकडे आपल्या देवाची तक्रार घेऊन जाणं म्हणजे शेजारणीकडे जाऊन आपला नवरा बोलत नाही असं सांगणं. पण अडला हरी. सगळे मानकरी खाली माना घालून गेले. चिंचवण्याची माणसं दारातच होती. "काय, तुमच्या देवाचो घसो बसलो म्हणतत? मिठाच्या पाण्यान गुळण्यो करूक सांगा!" आंबेरवण्याने ते ऐकून घेतलं. देवीने मात्र क्षणाचाही उशीर न लावता उजवी दिली. ज्याने गुळगुळीत केला त्यानेच खरबरीत करावा, असाही कौल निघाला.

पुन्हा सत्त्व कलशात गेलं. गाभाऱ्याला पडदा लागला. आत दत्तप्रसाद एकटा, हातात टाकी आणि हातोडी, आणि समोर त्याचं स्वतःचं लांबट, घामेजलेलं प्रतिबिंब.

त्याने पहिला टोचा मारला तेव्हा त्याच्या मनात पाप नव्हतं, हे सांगायला हवं. दहावा मारला तेव्हाही नव्हतं. साधारण पंचविसाव्या टोच्याला त्याला सुचलं की ज्या अंगाला टोचे जास्त, त्या अंगाची पाकळी आधी पडणार. हे सुचल्यावर त्याने टाकी खाली ठेवली. सहा नकार त्याच्या डोळ्यांसमोरून गेले. पिठाची गिरण गेली. समर्थचा पगार गेला. देव या क्षणी कलशात आहे, इथे फक्त दगड आहे, असं त्याने स्वतःला समजावलं. मग देवाचं उजवं म्हणजे समोरच्याचं डावं, याची तीन वेळा खात्री करून घेतली आणि त्या अंगाला त्याने मन लावून टोचे पाडले. दुसऱ्या अंगावर टाकी नुसती फिरवली. वरवर बघणाऱ्याला दोन्हीकडे सारखंच दिसावं एवढी कारागिरी त्याच्या हातात होतीच.

कौलाचा दिवस उजाडला तेव्हा अख्खा गाव देवळात होता. साठलेले प्रश्न आधी, असं ठरलं. गुरुदास म्हणाला, "माझी काय घाई नाय. मी शेवटाक." 

पहिल्या आनंदीबाई. विहीर माडाकडे खणायची का? टप्. उजवी पडली. देवळात जो गलका झाला तो विचारू नका. म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत पाणी आलं. परशुराम गुरवाने पाषाणापुढे लोटांगण घातलं. "बोललो! म्हाराजा बोललो!"

मग ओघच लागला. म्हैस विकू? उजवी. मुलग्याला दुबईला पाठवू? उजवी. ग्रामसभेची मागच्या वर्षीची तहकूब बैठक घेऊ? उजवी. राधाबाईंच्या थोरल्याने विचारलं, कुंपण माझ्या बाजूने खरं ना? उजवी. तो मिशीवर ताव देत बाजूला झाला. धाकट्याने विचारलं, माझ्या बाजूने खरं ना? उजवी. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, मग देवाकडे बघितलं.

"दोगव खरे कशे?" राधाबाईंनी विचारलं.

"देवाच्या मनात तुमी दोगव एकच," परशुराम म्हणाला. चाळीस वर्षांच्या गुरवपणात त्याने याहून अवघड प्रसंग निभावले होते. लोकांना ते पटलं. इतके दिवस मुका बसलेला देव आज मागेल त्याला हो म्हणत होता, आणि हो म्हणणाऱ्याला खोदून विचारायची माणसाची पद्धत नाही.

फक्त गुरुदास खांबाला टेकून शांत उभा होता. प्रत्येक कौलाला त्याचं एक एक बोट मिटत होतं. दोन्ही हात मिटून झाल्यावर त्याने एकदा पाषाणाकडे बघितलं, एकदा दत्तप्रसादकडे, आणि पुढे होऊन गुरवाच्या कानात काहीतरी सांगितलं. परशुरामचा चेहरा क्षणभर गोंधळला. पण प्रश्न कसा घालायचा हे विचारणारा ठरवतो, गुरव नव्हे. त्याने पाकळ्या लावल्या.

"बा देवा म्हाराजा! तुझ्या गुरुदासाचा म्हणणा ऐक! कसालच्या दत्तप्रसादाची सोयरीक मोडूची आणि चेडू रेडीच्या समर्थाक देऊचा, अशी तुझी इच्छा असात..."

 "अहो, असा न्हय," एवढे शब्द दत्तप्रसादच्या ओठांपर्यंत आले. पण पुढे काय सांगायचं? प्रश्न उलटा घातलाय, सरळ घाला, कारण मी देवाच्या एकाच बाजूला टोचे पाडले आहेत?

"...तर उजवी दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

टप्.

एवढी भरभर कोणतीच पाकळी पडली नव्हती. त्या जागेवर त्याने सर्वांत जास्त मन लावून काम केलं होतं.

गावाने हळहळून दत्तप्रसादकडे बघितलं. दोघीतिघींनी "च् च्" केलं. मग समितीच्या अध्यक्षांना आठवलं की देवाला बोलतं करणाऱ्या कारागिराचा सत्कार ठरला आहे, शाल आणलेली आहे, नारळही आणला आहे. मानाप्रमाणे शाल घालायची ती गुरुदासने. टाळ्या वाजत होत्या. गुरुदासने शाल त्याच्या खांद्यांवर नीट पसरली, पुढे वाकून नारळ हातात दिला आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "काम बरा झाला हां. फक्त डाव्या अंगाक वायच हात कमी पडलो."

दत्तप्रसादने खाली वाकून त्याच्या पाया पडल्यासारखं केलं. दुसरं काय करणार? सगळा गाव बघत होता.

बाहेर आला तर देवळाच्या पायरीखाली संचिता उभी होती. हातात चहाच्या कपांचा ट्रे. रेडीची चार माणसं मांडवात खुर्च्यांवर बसली होती. डावी पडलीच तर लगेच ठरवता यावं म्हणून गुरुदासने त्यांना आजच बोलावून ठेवलं होतं.

"तू केलंस ना ता?" तिने सरळ विचारलं.

 तो शालीच्या दशा चाळवत राहिला.

"बाबा आठ दिवस मनातल्या मनात घाबरले होते," ती म्हणाली. "देव उजवी देतलो की डावी, तेंकाव ठावक नव्हता. उजवी पडली असती तर मुकाट पोरगी दिली असती तेंनी. देवाचा मोडतले नाय ते, माका माहीत आसा. आज दहावी उजवी पडली तेवा तेंचो जीव भांड्यात पडलो."

"माका वाटला, आपला नक्की होऊक व्हया..."

"दोनव बाजू सारख्यो टोचलं असतंस, तर आठ आणे देव आपलो होतो रे."  तिने ट्रे सावरला, पदराने डोळे टिपायला हात मोकळा नव्हता, म्हणून ती तशीच मांडवाकडे वळली. चार कप चहा होता. रेडीच्या माणसांनी एक एक उचलला.